उत्परिवर्तन एकच, आतड्याची पेशी मात्र वेगळी: बीरॅफ रोधक आणि ईजीएफआर यांचे प्रकरण

हे प्रकरण २०१० ते २०२५ या काळातले आहे आणि ते मुख्यतः अ‍ॅमस्टरडॅम येथील नेदरलँड्स कर्करोग संस्थेत, रेने बर्नार्ड्स या रेणवीय जीवशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत घडले. रुग्णांचा उल्लेख येथे केवळ चाचण्यांतील संख्यांच्या रूपाने येतो. पेशींतील संदेशवहनावर काम करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी आणि कर्करोगतज्ज्ञांनी ते सविस्तर वाचावे असे मला वाटते. फसलेल्या औषधाच्या जागी दुसरे औषध शोधण्याआधी, ते औषध घातल्यावर पेशी नेमके काय करते हे विचारण्याचा निर्णय या संशोधनात घेतला गेला, आणि पुढचे सगळे त्या निर्णयातून घडले.

पार्श्वभूमी

निरोगी पेशीला विभाजनाचा आदेश बाहेरून मिळतो. पेशीच्या आवरणावरील ईजीएफआरसारख्या ग्राही प्रथिनाला वाढ-घटक येऊन चिकटला, की आतील बाजूस रास, रॅफ, मेक आणि ईआरके ही प्रथिने क्रमाने कार्यान्वित होतात. रॅफ मेकवर फॉस्फेट चढवते, मेक ईआरकेवर चढवते आणि ईआरके केंद्रकात जाऊन विभाजनाला लागणारी जनुके चालू करते. आदेश पुरेसा झाला की तो थांबवण्याची सोयही याच साखळीत आहे: कार्यान्वित झालेले ईआरके वरच्या टप्प्यांवर अंकुश ठेवते, त्यात ईजीएफआरही आला. जीवशास्त्राच्या पुस्तकांत हा फीडबॅक एखाद्या परिच्छेदात आटोपलेला असतो. या प्रकरणाचा सगळा गुंता मात्र त्याच्याभोवतीच आहे.

२००२ मध्ये इंग्लंडमधील सँगर संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या शोधकार्यात बीरॅफ या, वरच्या साखळीतील रॅफ प्रथिनाचा एक प्रकार बनवणाऱ्या जनुकातील एक उत्परिवर्तन अनेक कर्करोगांत आढळले. डीएनएतील एकच अक्षर बदलते, प्रथिनातील ६०० व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामेट येते आणि बीरॅफ वरून आदेश नसतानाही कायम चालू राहते. या बदलाला व्ही६००ई म्हणतात. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत आणि मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगाच्या आठ ते दहा टक्के रुग्णांत बीरॅफमधील हे उत्परिवर्तन असते. आतड्याच्या कर्करोगात ते असणे हे वाईट लक्षण मानले जाते, कारण या रुग्णांवर नेहमीच्या केमोथेरपीचा परिणाम कमी होतो आणि आजार वेगाने पसरतो.

या बदललेल्या बीरॅफला नेमके अडवणारे वेमुराफेनिब हे औषध तयार झाले आणि मेलॅनोमात त्याने जे करून दाखवले, त्याची त्या आजारात कोणी अपेक्षाही केली नव्हती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत व्ही६००ई असलेल्या ३२ रुग्णांपैकी २६ जणांच्या गाठी लहान झाल्या, त्यांपैकी दोघांच्या तर पूर्णपणे नाहीशा झाल्या. पुढील वर्षी ६७५ रुग्णांच्या चाचणीने आयुर्मान वाढत असल्याचेही सिद्ध केले आणि ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधाला मान्यता दिली. कर्करोग कोणत्या अवयवात आहे यापेक्षा त्यात कोणते उत्परिवर्तन आहे हे महत्त्वाचे, असा विचार त्या काळात जोरात होता, आणि या निकालांनी त्याला मोठे बळ मिळाले.

अडचण

तेच औषध व्ही६००ई असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २१ रुग्णांना देण्यात आले, तेव्हा फक्त एका रुग्णाची गाठ अपेक्षित प्रमाणात लहान झाली. मेलॅनोमात पाचांपैकी चार आणि येथे एकविसांपैकी एक, असा हा फरक होता. उत्परिवर्तन तेच, औषध तेच, आणि तरीही दोन आजार एकमेकांना अनोळखी असल्यासारखे वागत होते.

उत्परिवर्तनावरून औषध ठरवायचे हे सूत्र जिथे कसोटीला लागले, ती ही जागा होती. एकविसांतला तो एक रुग्ण वगळता बाकीच्यांसाठी ही तात्त्विक चर्चा नव्हती. दुसऱ्या उपचारांनी हात टेकल्यानंतर ते या चाचणीत आले होते.

समोरचे पर्याय

पहिली शक्यता अशी होती, की औषध आतड्याच्या गाठीत पुरेसे पोहोचत नसावे. तसे असते तर मात्रा वाढवणे किंवा औषधाची रासायनिक रचना सुधारणे हा मार्ग होता. परंतु काचेच्या ताटलीत वाढवलेल्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर औषध थेट ओतले, तरी त्या मेलॅनोमाच्या पेशींइतक्या दबत नव्हत्या. ताटलीत औषध पोहोचण्याचा प्रश्नच नसल्यामुळे ही शक्यता बरीच मागे पडली.

दुसरी शक्यता सोबतच्या इतर उत्परिवर्तनांची होती. आतड्याच्या कर्करोगात पीआय३-काइनेजच्या मार्गात बिघाड वरचेवर सापडतो आणि त्या मार्गाने पेशी तगून राहत असेल, असे मानणे सयुक्तिक होते. तिसरा पर्याय व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत सोपा होता: त्याच साखळीतील पुढच्या टप्प्यावर, म्हणजे मेकवर, दुसरा घाव घालायचा. मेकला अडवणारी औषधे तेव्हा उपलब्ध होत होती आणि हा पर्याय पुढे ४३ रुग्णांत तपासलाही गेला. त्यात पाच जणांना, म्हणजे १२ टक्के रुग्णांना, प्रतिसाद मिळाला. एकट्या औषधापेक्षा हे बरे होते, पण प्रश्न सुटला असे म्हणण्याजोगे नव्हते.

चौथा पर्याय वेळखाऊ होता. कोणतेही गृहीतक न धरता सर्व काइनेज, म्हणजे मेकसारखी फॉस्फेट चढवणारी विकरे, एकेक करून बंद करायचे आणि कोणते बंद केल्यावर पेशी औषधाला बळी पडते ते पेशीकडूनच वदवून घ्यायचे. अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने हा मार्ग निवडला.

या निवडीचे मोल कळण्यासाठी तेव्हाची एक पक्की समजूत लक्षात घ्यावी लागते. ईजीएफआरला बाहेरून झाकणारी सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही प्रतिपिंडे आतड्याच्या कर्करोगात आधीपासून वापरात होती. २००८ मध्ये इटलीतील संशोधकांनी दाखवले होते, की या औषधांनी उपचार केलेल्या आणि केरास हे रास प्रथिनाचे जनुक शाबूत असलेल्या ७९ रुग्णांपैकी ११ जणांत बीरॅफचे उत्परिवर्तन होते आणि त्या अकरांपैकी एकालाही फायदा झाला नव्हता. कारणही सरळ दिसत होते: साखळीतील खालचा टप्पा स्वतःच चालू असेल, तर वरचा दरवाजा बंद करून काय उपयोग? त्यामुळे बीरॅफ बदललेला असेल तर ईजीएफआर विसरा, अशी धारणा रूढ झाली होती. केवळ तर्काने पर्याय निवडायचे ठरवले असते, तर ईजीएफआर यादीच्या तळाशी गेला असता.

निर्णय आणि प्रयोग

मानवी पेशीत ५१८ काइनेज मोजले गेले आहेत. त्या प्रत्येकाचे जनुक निष्प्रभ करणारे आरएनएचे छोटे तुकडे विषाणूंच्या साहाय्याने डब्ल्यूआयडीआर या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशीरेषेत (एका रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींत) सोडण्यात आले. प्रत्येक पेशीत साधारण एक तुकडा शिरेल असे प्रमाण ठेवले जाते, आणि तुकड्याचा स्वतःचा क्रम हीच त्या पेशीची ओळखपट्टी ठरते. मग पेशींचे दोन भाग करायचे, एकाला औषध द्यायचे आणि दुसऱ्याला द्यायचे नाही. काही दिवसांनी दोन्हींतील डीएनए काढून कोणत्या ओळखपट्ट्या उरल्या ते मोजायचे. औषधाविना टिकलेली, पण औषधात गळून गेलेली पट्टी म्हणजे शोधत असलेले उत्तर.

येथे एक सावधगिरी निर्णायक असते. आरएनएचा एखादा तुकडा भलतेच जनुकही बंद करू शकतो, म्हणून एका तुकड्याच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा नसतो. या छाननीत एकाच जनुकावरचे अनेक स्वतंत्र तुकडे औषधाच्या उपस्थितीत गळाले आणि ते जनुक ईजीएफआरचे होते. यादीतून आधीच वगळले गेले असते असे नाव वर आले होते.

पेशीरेषेबद्दल एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. डब्ल्यूआयडीआर ही स्वतंत्र रुग्णाची पेशीरेषा म्हणून एकेकाळी नोंदली गेली होती; डीएनएच्या तपासणीत मात्र ती जुन्या एचटी-२९ पेशीरेषेचीच शाखा असल्याचे सिद्ध झाले. दोन्ही आतड्याच्याच कर्करोगाच्या आणि दोन्हींत व्ही६००ई असल्यामुळे या निष्कर्षाला धक्का लागत नाही. परंतु कोणी या दोहोंत प्रयोग करून ‘दोन वेगळ्या रुग्णांच्या पेशींत हेच दिसले’ असे म्हटले, तर ते खरे नसेल. या गटाने निष्कर्ष व्हीएसीओ४३२ आणि केएम२० या अन्य पेशीरेषांतही तपासला, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे.

पुढचा प्रयोग कोणत्याही साध्या प्रयोगशाळेत करता येईल असा आहे. ताटलीच्या खळग्यांत पेशी विरळ पेरायच्या, औषधे घालायची, दोन-तीन आठवडे वाढू द्यायच्या आणि शेवटी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या. जिवंत वसाहती जांभळ्या दिसतात. एकटे वेमुराफेनिब घातलेला खळगा बराचसा जांभळाच राहतो, एकट्या सेटुक्सिमॅबचा तर काहीच न घातल्यासारखा दिसतो, आणि दोन्ही घातलेला खळगा जवळजवळ पारदर्शक होतो. दोन निरुपयोगी ठरलेली औषधे एकत्र आल्यावर होणारा परिणाम इतक्या स्पष्टपणे क्वचितच पाहायला मिळतो.

परिणाम दिसला तरी कारण सांगता आले पाहिजे. पेशीतील प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या वेस्टर्न ब्लॉट या तपासणीत त्याचा उलगडा झाला. औषध घातल्यावर ईआरकेवरील फॉस्फेटचा पट्टा फिका होतो, म्हणजे औषध आपले काम करते. पण त्याच वेळी ईजीएफआरवरील फॉस्फेटचा पट्टा गडद होत जातो. बाहेरून कोणताही नवा आदेश आलेला नसताना ग्राही प्रथिन जागे होते. गटाने याचे एक कारण सीडीसी२५सी या फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरात दाखवले: ईआरकेचा मार्ग चालू असेपर्यंत हे विकर सक्रिय राहून ईजीएफआरला शांत ठेवते, आणि औषधाने ईआरके दबले की विकरही मंदावते. पाटातील पाण्याची पातळी भरलेली असेपर्यंत धरणाचा दरवाजा आपोआप बंद राहावा आणि पाट आटताच तो उघडावा, तसे हे झाले. पेशीने नवी वाट शोधली नव्हती. औषधानेच वरचा दरवाजा उघडला होता.

बोस्टनमधील एक गटही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोहोचला होता. त्यांनी वेळेचा हिशेब स्पष्ट केला: आतड्याच्या पेशींत ईआरके सुरुवातीला दबते आणि दिवसभरात पुन्हा डोके वर काढते. ईजीएफआर जागे झाल्याने रास सक्रिय होते, रास रॅफच्या जोड्या बनवते, आणि वेमुराफेनिब अशा जोड्यांना नीट अडवू शकत नाही. दोन्ही गटांचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन ठिकाणी, निरनिराळ्या मार्गांनी एकच उत्तर येणे हा विज्ञानात मोठा आधार असतो.

मग मेलॅनोमा का दबला होता? त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी भ्रूणावस्थेत चेतासंस्थेशी संबंधित असलेल्या एका पेशीसमूहातून येतात आणि त्यांच्यात ईजीएफआर फार कमी असते. आतड्याच्या अस्तरपेशीत ते भरपूर असते. उघडायला दरवाजाच नसेल तर ईआरके दबलेलेच राहते. हे केवळ स्पष्टीकरण म्हणून सोडून न देता अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने उलट प्रयोग केला. ए३७५ या मेलॅनोमाच्या पेशींत त्यांनी ईजीएफआर मुद्दाम घातले आणि त्या पेशी औषधाला दाद देईनाशा झाल्या. माझ्या मते संपूर्ण संशोधनातील हा सर्वांत भक्कम प्रयोग आहे. एखादी गोष्ट काढून टाकल्यावर परिणाम दिसणे आणि ती नसलेल्या ठिकाणी घालून तोच परिणाम घडवणे, या दोन्ही बाजू हाती असल्याशिवाय कार्यकारणाविषयी ठामपणे बोलता येत नाही.

दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर उंदरांत वाढवलेल्या गाठीही आटोक्यात राहिल्या आणि प्रयोगशाळेचे काम येथे पूर्ण झाले.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत

सेटुक्सिमॅब आधीच मान्यताप्राप्त होते आणि बीरॅफ रोधकही बाजारात होते, त्यामुळे रुग्णांवरील चाचण्या लवकर सुरू होऊ शकल्या. तरीही एक कठीण निर्णय समोर होता: दोन औषधे द्यायची की मेकचा रोधक धरून तीन? दोन्ही बाजूंना पुरावा होता. डॅब्राफेनिब (बीरॅफ रोधक), ट्रामेटिनिब (मेक रोधक) आणि पॅनिटुमुमॅब यांच्या एका चाचणीत तीन औषधांचा प्रतिसाद २१ टक्के होता आणि मेक रोधक वगळल्यावर तो १० टक्क्यांवर आला होता. दुसऱ्या बाजूला, तिसरे औषध म्हणजे जुलाब, पुरळ आणि रक्तक्षय यांत भर, आणि हे रुग्ण आधीच थकलेले होते.

बीकन या आंतरराष्ट्रीय चाचणीत ६६५ रुग्णांचे तीन गट करून दोन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवण्यात आले. एका गटाला एन्कोराफेनिब (बीरॅफ रोधक), बिनीमेटिनिब (मेक रोधक) आणि सेटुक्सिमॅब, दुसऱ्याला बिनीमेटिनिब वगळून दोनच औषधे, आणि तिसऱ्याला प्रचलित केमोथेरपीसह सेटुक्सिमॅब देण्यात आले.

फलित

२०१९ मध्ये आलेल्या निकालानुसार तीन औषधांच्या गटातील मध्यक आयुर्मान ९ महिने, दोन औषधांच्या गटातील ८.४ महिने आणि प्रचलित उपचारांच्या गटातील ५.४ महिने होते. गाठी लहान होण्याचे प्रमाण अनुक्रमे २६, २० आणि २ टक्के होते. रुग्णांवर अधिक काळ लक्ष ठेवल्यावर पहिल्या दोन्ही गटांचे आयुर्मान ९.३ महिन्यांवर सारखेच आले. तिसऱ्या औषधाने आयुष्य वाढत नसेल तर त्याचा त्रास रुग्णाने का सोसावा, या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे मिळाले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दोन औषधांच्या उपचारालाच मान्यता देण्यात आली.

नऊ महिने हा आकडा वाचणाऱ्याला अपुरा वाटेल, आणि तो अपुरा आहेच. पण या रुग्णांचे आधी एक-दोन उपचार फसलेले होते. पुढे ब्रेकवॉटर या चाचणीत हीच जोडी केमोथेरपीबरोबर सुरुवातीलाच देण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत तिला त्वरित मान्यता मिळाली, आणि २०२५ च्या निकालांत मध्यक आयुर्मान ३०.३ महिने दिसले, प्रचलित उपचारांच्या गटात ते १५.१ महिने होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या ताटलीतील पारदर्शक खळग्यापासून येथवरच्या वाटेला एक तपाहून अधिक काळ लागला.

मेलॅनोमासाठीही या कामातून एक निष्कर्ष निघाला. २०१४ मध्ये याच गटाने औषधाला प्रतिरोधक झालेल्या मेलॅनोमाच्या १६ गाठी तपासल्या, तेव्हा सहा गाठींत ईजीएफआर नव्याने आलेले आढळले. आतड्याच्या पेशीत जे जन्मजात होते, ते मेलॅनोमाने औषधाच्या दडपणाखाली कमावले होते.

वेगळे काय करता आले असते

इटलीतील २००८ च्या त्याच शोधनिबंधात एक धागा होता. रॅफलाही अडवणारे सोराफेनिब हे औषध सोबत दिल्यास उत्परिवर्तित पेशी ईजीएफआरविरोधी प्रतिपिंडांना पुन्हा दाद देतात, असे त्यात पेशींच्या प्रयोगातून दाखवले होते. बीरॅफ रोधक आणि ईजीएफआर रोधक एकत्र तपासण्याचा विचार तेथून तीन-चार वर्षे आधी पुढे नेता आला असता. सोराफेनिब बीरॅफवर नेमके काम करत नाही आणि अनेक काइनेजना अडवते, त्यामुळे त्या निरीक्षणाचा अर्थ लावणे अवघड होते, हेही खरे. पण प्रतिपिंडे एकटी चालत नाहीत हा निष्कर्ष सर्वांनी उचलला आणि जोडीने चालतात हा त्याच पानांवरचा निष्कर्ष मागे राहिला, याची रुखरुख वाटते.

दुसरा मुद्दा उपचाराच्या क्रमाचा आहे. नवे मिश्रण आधी शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना देण्याची पद्धत सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच आहे. मात्र या विशिष्ट आजारात पहिल्या उपचारानंतर दुसऱ्या उपचारापर्यंत पोहोचण्याइतकी प्रकृती अनेकांची राहत नाही. यंत्रणा इतकी स्पष्ट असताना आणि बीकनचे सुरुवातीचे सुरक्षिततेचे निष्कर्ष समाधानकारक असताना ही जोडी पहिलाच उपचार म्हणून देणारी चाचणी अधिक लवकर आखता आली असती, असे माझे मत आहे.

तिसरा मुद्दा नमुन्यांचा. संदेशवहनाला अडवणाऱ्या औषधाची चाचणी असेल, तर औषध सुरू करण्याआधीचा आणि काही दिवसांनंतरचा ऊतकाचा नमुना आराखड्यातच असावा. ईआरके पुन्हा जागे झाले की नाही हे त्या दोन नमुन्यांच्या तुलनेतूनच कळते, गाठीची लांबी-रुंदी मोजून कळत नाही. दुसऱ्यांदा बायोप्सी करणे रुग्णाला त्रासाचे आहे आणि त्याची संमती कसलीही घाई न करता घेतली पाहिजे. म्हणून हा निर्णय चाचणी सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवा, निकाल निराशाजनक आल्यावर नव्हे.

संयुक्त उपचारांनाही पुढे प्रतिरोध निर्माण होतोच. बीकनमधील रुग्णांच्या रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए तपासला असता केरास, एनरास आणि मेकच्या जनुकांत नवी उत्परिवर्तने तसेच मेट या दुसऱ्या एका ग्राही प्रथिनाच्या जनुकाच्या वाढलेल्या प्रती सापडल्या. यांपैकी बहुतेक बदल ईआरकेचीच साखळी पुन्हा चालू करणारे आहेत. एकाच रुग्णात असे अनेक बदल एकाच वेळी, वेगवेगळ्या पेशीसमूहांत असू शकतात, त्यामुळे त्यांपैकी एकाला लक्ष्य करून तिसरे औषध जोडावे की साखळीच्या अगदी तळाशी, ईआरकेवर किंवा त्याच्याही पुढे, घाव घालावा, हा या क्षेत्रातील संशोधकांपुढचा आजचा निर्णय आहे.